बिली आयडॉलने पंक सोडला का?

कॅसेटवेडा:
बिली आयडॉल, म्हणजे पंकमधून (सत्तरच्या दशकातलं खडबडीत, बंडखोर रॉक) आलेला ब्रिटिश गायक. त्याचं ऐकत दोन रात्री हेडफोन लावून बसलो. आधी 'जनरेशन एक्स' या त्याच्या लंडनच्या बँडचा १९७८ चा पहिला अल्बम, मग लगेच १९८३ चा 'रिबेल येल'. पहिल्यात सगळे एकमेकांच्या अंगावर पडत वाजवतायत असं वाटतं. दुसऱ्यात प्रत्येक ठोका जागच्या जागी, एकाही सुराला खरचटलेलं नाही. १९८१ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्याने पंक गुंडाळून ठेवला, असं माझं ठाम मत आहे. एमटीव्हीला चेहरा हवा होता, याने तो दिला.

डफवाली:
असहमत. 'डान्सिंग विथ मायसेल्फ' घ्या. ते १९८० मध्ये, न्यूयॉर्कला जाण्याआधीच, बँडच्या नावावर आलं होतं. 'रिबेल येल'चा प्रोड्यूसर कीथ फोर्सी तेव्हाही होताच, ज्याने डिस्कोचा प्रसिद्ध प्रोड्यूसर जॉर्जिओ मोरोडरच्या रेकॉर्डवर ड्रम वाजवले होते. १९८१ मध्ये तेच रेकॉर्डिंग नव्याने मिक्स करून बिलीच्या एकट्याच्या नावावर काढलं. मग न्यूयॉर्कने बिघडवलं कुठे? टोकियोच्या डिस्कोत पोरं आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबासमोर नाचत होती, ते पाहून हे गाणं सुचलं. इतकं एकाकी गाणं पंकवाल्यांकडेही फार नाही.

समेवर_या:
डफवालीला +१. 'रिबेल येल' अल्बममधलं 'आइज विदाउट अ फेस' पूर्ण ऐका, अर्ध्यावर सोडू नका. संथ बेस, मागे गायिका पेरी लिस्टरचे फ्रेंच शब्द, आणि मधेच बिलीचा गिटारवादक स्टीव्ह स्टीव्हन्सची गिटार दार फोडून आत येते. बिली गाणं सोडून जवळजवळ बोलायलाच लागतो. नुसतं गुळगुळीत करायचं असतं तर तो तुकडा ठेवलाच नसता.

कॅसेटवेडा:
फोर्सीचा मुद्दा मान्य, बदल लंडनमध्येच सुरू झाला होता. पण माझं दुखणं वेगळं आहे. 'जनरेशन एक्स'च्या 'युअर जनरेशन' गाण्यात आधीच्या पिढीला तोंडावर सुनावणारा मुलगा 'रिबेल येल' गाण्यात मध्यरात्री 'आणखी, आणखी' म्हणणाऱ्या प्रेयसीबद्दल गातो. नावात बंड आहे, पण ते कोणाविरुद्ध? आवाज घासून-पुसून घेतल्याबद्दल माझी तक्रार नाही. समोर उभा असलेला शत्रू गाण्यातून नाहीसा झाला, ते मला सलतं.

डफवाली:
हे मात्र पटलं. तरी कॉलेजात मला पंकपर्यंत आणलं ते 'रिबेल येल'नेच. तिथून मागे जात जात मी 'युअर जनरेशन'ला पोचले.