जर्मन: 'इन' नंतर कधी 'दी', कधी 'डेअर'?

जर्मनची ए-वन (पहिली पातळी) चालू केलीय. 'इश गेहऽ इन दी शूलऽ' (मी शाळेत जातो) आणि 'इश बिन इन डेअर शूलऽ' (मी शाळेत आहे), शूलऽ तर स्त्रीलिंगी आहे ना, म्हणजे आर्टिकल 'दी', मग 'डेअर' हे पुल्लिंगी आर्टिकल कुठून आलं? मराठीत दोन्हीकडे 'शाळेत'च, त्यामुळे काही केल्या लक्षात राहत नाही.

उत्तर १: कुठे जातोयस (वोहिन) असेल तर अकुझाटिव्ह, कुठे आहेस (वो) असेल तर डाटिव्ह, या दोन विभक्ती. डाटिव्हमध्ये स्त्रीलिंगी 'दी' चं 'डेअर' होतं, ते पुल्लिंगी डेअर नव्हे. 'इन', आउफ (वर), उंटर (खाली), फोर (समोर) वगैरे धरून अशी दोन्ही विभक्ती घेणारी एकूण ९ प्रेपोझिशन्स (शब्दयोगी अव्ययांसारखे शब्द) आहेत, ती आधी पाठच कर.

उत्तर २: हालचाल म्हणजे अकुझाटिव्ह असं मात्र शिकू नकोस प्लीज, क्लासमध्ये सर्रास सांगतात आणि मग पोरं अडकतात. 'इश जॉगऽ इम पार्क' (इम म्हणजे इन अधिक डेम, डेम हे पुल्लिंगी डेअरचं डाटिव्ह), पळतोय पण पार्कातल्या पार्कातच म्हणून डाटिव्ह, बाहेरून आत पळत गेलास तर अकुझाटिव्ह, 'इन डेन पार्क'.

प्रश्नकर्ता: अच्छा! मग 'इश गेहऽ त्सूर शूलऽ' (मी शाळेकडे जातो), यात तर जाणं आहे, तरी 'त्सूर' का?

उत्तर १: 'त्सू' त्या नऊत नाही, त्याला कायम डाटिव्हच, जात असलास तरी. त्सू अधिक डेअर, त्सूर.