वन्स मोअर मागायचा की गप्प बसायचं?

हरिपूरकर
गेल्या रविवारी सांगलीत एका हौशी मंडळाचं संगीत नाटक बघितलं. दुसऱ्या अंकात नायिकेनं एक पद असं काही म्हटलं की समेवर येताना तबलजीनंच मान हलवली. चौथ्या रांगेतले एक आजोबा अर्धवट उठून ओरडले, "वन्स मोअर!" शेजारच्या पोरानं वळून "शूऽऽ" केलं. आजोबा बसले. पुढची दोन पदंही झकास झाली, पण त्यांचा हात काही मांडीवरून उचलला नाही. आणि शूऽऽ करणारा हाच पठ्ठ्या मोबाईल उभा धरून अख्खं पद रेकॉर्ड करत होता! मागच्यांना नायिकेऐवजी त्याचा स्क्रीन दिसत होता.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात. त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रांची भाषणं बरीचशी आयत्या वेळची, राक्षस तर असे आरडाओरडा करत यायचे की 'अललडुर्र' हे नावच पडलं. त्या गावच्या प्रेक्षकानं तोंडाला कुलूप लावून बसायचं? माझ्या मते वन्स मोअर हा तिकीट काढणाऱ्याचा हक्क आहे.

पायपेटीवाला
हक्क वगैरे काही नाही हो. मी साथीला बसतो, म्हणून सांगतो. वन्स मोअर आला की समोरचा नट डोळ्यात पाणी घेऊन तसाच उभा. पद संपेपर्यंत ते पाणी त्यानं सांभाळायचं. मी धृपदावर येतो आणि गाणाऱ्या मुलीकडे बघतो. ती बारीकशी मान हलवते, नको. कारण तिचं अवघड पद तिसऱ्या अंकात आहे आणि सकाळपासून घसा बसलाय. आजोबांना यातलं काही माहीत नसतं. पूर्वी नाटकं रात्रभर चालायची, लोक उजाडल्यावर घरी जायचे. आता नाट्यगृह ठरलेल्या तासांपुरतं भाड्यानं मिळतं. स्पर्धेत तर घड्याळ मानगुटीवरच असतं.

कवलापूरचा
आमच्या गावच्या काळू-बाळूंचा तमाशा बघितला असता तर हा प्रश्नच पडला नसता. बतावणीत पब्लिकमधनं कुणी शब्द टाकला की सोंगाड्या तो वरच्यावर झेलून त्याच्याच अंगावर उलटवायचा. आख्खा तंबू हसायचा, ज्याची उडवली तो सगळ्यात जास्त. तुमच्या एसी नाट्यगृहात शिट्टी मारली की माणसं अशी बघतात जसं काय पाकीट मारलं.

मिरजेची
सगळीकडे एकच नियम कसा चालेल? आमच्याकडे दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं-बजावणं असतं. तिथं वन्स मोअर ओरडलात तर लोक तुमच्याकडेच बघतील. पण म्हणून शांतता असते असंही नाही. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतली माणसं येतात. गायकाआधी त्यांचा कान तंबोऱ्याच्या जवारीवर, म्हणजे तारांच्या झंकारावर. जागा चांगली गेली की नुसतं "अहाहा", तेही शेजारच्यालाच ऐकू जाईल इतकं. गायकाला मात्र ते बरोबर पोचतं.

तिसरी घंटा
आवाज म्हणजे सहभाग, हे समीकरणच मला पटत नाही. खाडिलकर सांगलीचेच ना? त्यांचं 'कीचकवध' १९०७चं. नाटकात व्हाइसरॉय कर्झनचं नावसुद्धा नाही, गोष्ट महाभारतातली. पण कीचक म्हणजे कर्झन, हे प्रेक्षकांनी खुर्चीत बसल्या बसल्या ओळखलं. १९१०मध्ये इंग्रज सरकारनं नाटकावर बंदी घातली. सरकारला काय वन्स मोअरची भीती वाटली होती?

शेवटची रांग
आणि देवलांची 'शारदा'? लोकांनी ते नाटक इतकं मनावर घेतलं की बालविवाहाविरुद्ध कायदा झाला. शारदा कायदा, नाव पण तेच.

तिसरी घंटा
@शेवटची रांग, नाही हो. १९२९चा तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाचा. नाटक १८९९चं, त्याच्या तीस वर्षं आधीचं. पण सारडाचं शारदा लोकांनी परस्पर करून टाकलं. प्रेक्षकांनीच लिहिलेला चौथा अंक म्हणा!

हरिपूरकर
कीचकवधाचा मुद्दा मान्य. पण तिथंही लोक काय हाताची घडी घालून बसले असतील होय? आणि मोबाईलवाल्याबद्दल कुणीच बोललं नाही. त्याला नाटक नंतर बघायचंय, आजोबांना तेव्हाच परत ऐकायचं होतं. मी आजोबांच्या बाजूचा.

पेटीवाले, 'हक्क' मागे घेतो. 'विनंती' म्हणू. पण मुलगी नको म्हणतेय हे आम्हाला चौथ्या रांगेतून कळणार कसं?

पायपेटीवाला
माझ्याकडे बघायचं. सूर धरून ठेवला असेल तर मागा, खुशाल मागा, ती म्हणेल. वहीचं पान उलटलं की समजायचं, आज नाही. मोबाईलवाल्यावर माझ्याकडे उपाय नाही. भडंग खाणाऱ्यांना मात्र हात जोडतो, पुडी मध्यंतरातच संपवून आत या. मंद्र सप्तकात त्या कुरकुरीपुढं माझी पेटी ऐकू येत नाही.