अनुभव धागा: 4 जीबीला अडलेले व्हिडिओ

32 जीबीचा पेनड्राइव्ह, आत 25 जीबी जागा मोकळी, आणि 6 जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलं की संगणक म्हणतो, फाइल फार मोठी आहे. मग कुणीतरी सांगतं, पेनड्राइव्ह गेला, नवीन घ्या. तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो. अडतं ते फॅट32 मुळे. फाइली मांडायची ही पद्धत 1996 मध्ये विंडोज 95 च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. प्रत्येक फाइलचा आकार नोंदवायला तिच्यात 32 बिट राखलेले आहेत आणि तेवढ्यात 4,29,49,67,295 च्या वरचा आकडा मावतच नाही. म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. ड्राइव्ह कितीही मोठा असो, एकेका फाइलची मर्यादा तीच.

यापायी लोक घरचे व्हिडिओ दाबून बारीक करतात आणि मूळ फाइल पुसून टाकतात. ते थांबावं असं फार वाटतं, म्हणून हा धागा. तुमचं कुठे अडलं, वाट कशी काढलीत, बैजवार लिहा.

सांगलीहून, लग्नांचं शूटिंग करणारा

डीव्हीडी देत होतो तोवर हा प्रश्न नव्हता. डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइली मुळातच जास्तीत जास्त 1 जीबीच्या तुकड्यांत असतात आणि प्लेअर त्या सलग लावतो. पार्ट्या पेनड्राइव्ह मागायला लागल्या आणि अडायला लागलं. नव्या टीव्हीला एनटीएफएस, एक्सफॅट या 4 जीबीची अट नसलेल्या पद्धती चालतात, पण पाव्हण्यांच्या घरचा जुना टीव्ही फॅट32 शिवाय काही ओळखत नाही. आणि लग्नाचा व्हिडिओ पाव्हण्यांकडेच जास्त बघितला जातो.

सॉफ्टवेअरला नुसतं ‘4 जीबीला तोड’ म्हटलं की ते कुठेही तोडतं. एका लग्नात तुकडा बरोबर शेवटच्या मंगलाष्टकात पडत होता: ‘शुभमंगल’ एका फाइलीत, ‘सावधान’ दुसऱ्या. द्यायच्या आधी पूर्ण बघायची सवय आहे म्हणून दिसलं. असा व्हिडिओ मी कुणाच्या हातात देणार नाही. मी विधींवरून तोडतो: हळद, सीमांतपूजन, लग्न, सप्तपदी, वरात. फाइलच्या नावाआधी 01, 02 घालतो म्हणजे टीव्ही क्रमाने लावतो. नावं रोमन लिपीत ठेवतो, कारण काही टीव्हींवर देवनागरीचे नुसते चौकोन दिसतात.

एकच फाइल हवी असेल तर हिशेब सोपा आहे. 32,000 ला व्हिडिओच्या एकूण सेकंदांनी भागा, येईल तेवढे एमबीपीएस (दर सेकंदाला मेगाबिट) तुमच्या हातात, आवाजासकट. दोन तासांना साधारण साडेचार येतात. स्टेजवरच्या रिसेप्शनला तेवढे पुरतात. वरातीत नाच, दिवे, फटाके सगळं एकदम हलतं, तिथे एचडी चित्र फुटतं. वरात वेगळीच ठेवा.

ठाण्याहून, संगीत मंडळाचा जुना कार्यकर्ता

आमच्या बैठकांच्या मिनी डीव्ही कॅसेट आम्ही फायरवायर केबलने संगणकावर उतरवल्या. डीव्हीचा एक तास म्हणजे जवळजवळ 13 जीबी. त्या काळची कित्येक सॉफ्टवेअरं एव्हीआय ही व्हिडिओ फाइल 2 जीबीपुढे नेत नसत, म्हणजे जेमतेम साडेनऊ मिनिटं. विलंबित ख्यालाला रंग भरायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. समेवर येता येता फाइल संपली तर ऐकणाऱ्याच्या हाती काय राहिलं?

एव्हीआयची ही अडचण दूर करणारा ओपनडीएमएल हा विस्तार 1996 मध्येच आला होता, पण तो सॉफ्टवेअरलाही कळावा लागतो आणि खालची डिस्कही फॅट32 असून चालत नाही. आम्ही डिस्क एनटीएफएस केल्या, सॉफ्टवेअर बदललं आणि प्रत्येक कॅसेट अखंड उतरवली. तेव्हा काहींचं म्हणणं होतं, कशाला एवढी जागा, एमपीईजी करून टाका. मी हटून बसलो. यातले काही कलाकार आज नाहीत आणि आमच्याकडे आहे ते मूळ डीव्ही आहे, त्याची दाबलेली नक्कल नव्हे. हार्ड डिस्क स्वस्त होत गेल्या. कॅसेट मात्र वर्षागणिक खराब होतात. ज्यांच्याकडे कपाटात अशा कॅसेट पडून आहेत त्यांनी कृपा करून या वर्षीच उतरवा.

बीडहून, कीर्तनं रेकॉर्ड करणारी

कीर्तन दोन-अडीच तास चालतं. आमचा कॅमेरा एव्हीसीएचडी पद्धतीने कार्डावर रेकॉर्ड करतो आणि आपोआप तुकडे पाडतो: 00000.एमटीएस, 00001.एमटीएस. लोक स्ट्रीम फोल्डरमधून तेवढ्याच फाइली उचलतात आणि एडिटिंगमध्ये शेजारी ठेवतात. मग सांध्यावर आवाज किंचित तुटतो. निरूपणात एक शब्द गेला तरी ऐकणारी म्हातारी माणसं लगेच विचारतात. कुठला तुकडा कुठे जोडायचा ही माहिती बाकीच्या फोल्डरांत असते, म्हणून कार्डावरचं सगळंच्या सगळं उतरवून घ्या आणि कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरने जोडा. ते जोडताना पुन्हा रेंडर करत नाही, म्हणजे व्हिडिओ नव्याने बनवत नाही, चित्र जसंच्या तसं राहतं.

न्यू जर्सीहून

भावाने पुण्याहून आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ पाठवला, ड्राइव्ह एनटीएफएस. माझ्या मॅकवर वाचता आला, पण त्यावर मला इकडचे फोटो टाकून परत पाठवायचे होते आणि मॅक एनटीएफएसवर आपणहून लिहीत नाही. आता आमच्यात ये-जा करणारे ड्राइव्ह एक्सफॅट असतात. दोन्हीकडे लिहिता येतं आणि 4 जीबीची अट नाही.

रत्नागिरीहून, प्राथमिक शिक्षिका

स्नेहसंमेलनाचा नाच पालकांना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, मागच्या रांगेतली मुलं ओळखू येत नाहीत. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. 2022 पासून 2 जीबीपर्यंत जातो, तोही मूळ रूपात. प्रत्येक आईला आपलं मूल दिसलं पाहिजे.

नागपूरहून, एक प्रश्न

माझ्या फॅट32 हार्ड डिस्कवर आधीच पुष्कळ व्हिडिओ आहेत. फॉरमॅट मारला तर सगळं जाईल ना?

धागाकर्ता

ताई, फॉरमॅटने जाईल. विंडोजवर न पुसताही बदलता येतं. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा, ‘कन्व्हर्ट’, डिस्कचं अक्षर आणि कोलन, मग जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि ‘एफएस:एनटीएफएस’ असं इंग्रजीत टाइप करा. फाइली जागच्या जागी राहतात. तरी मध्येच वीज गेली तर धोका आहे, म्हणून आधी दुसरीकडे कॉपी काढा आणि लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा. याच कमांडने परत फॅट32 करता येत नाही, तेव्हा ती डिस्क ज्या टीव्हीला लावता त्याला एनटीएफएस चालतं का, ते आधी एखाद्या रिकाम्या पेनड्राइव्हवर पाहून घ्या. कॅमेऱ्याच्या कार्डाला मात्र ही कमांड लावू नका. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायचं.