जुना टपालकाटा: ठाऊक असेल ते लिहा

मोडीवाला:
आज जुन्या बाजारात पोस्टातला पितळी काटा दिसला. पारडी वर, दांडी खाली, शेजारी वजनांची लाकडी पट्टी. लाख आणि डिंकाचा वासच आला एकदम. असा काटा कसा पारखायचा? जाणकारांनी लिहा.

तागडी:
आधी पासंग, म्हणजे रिकाम्या पारड्यांतला फरक, बघा. काटा रिकामा असताना मध्यावर हवा. मग एकच वजन पारड्याच्या मधोमध आणि नंतर काठावर ठेवा. फरक पडला तर दांडीखालची जोडपट्टी वाकलीय नाहीतर तिची खीळ सैल आहे. पारडी सारखी दिसतात, पण डावी-उजवी बदलू नका, पासंग तिथेच येतो. आणि तेल नको! दांडी जिच्यावर झुलते त्या धारेवर धूळ बसते, मग एखाद्या ग्रॅमला काटा ढिम्म.

रानफूल:
वजनं चिंचेने घासली तर?

तागडी:
नको हो. पितळ झिजतं, शिक्काही जातो. कोरडं फडकं बास.

नाणेवेडा:
तोळ्याचं वजन हरवलं असेल तर चांदीचा रुपया ठेवा, 1945 पर्यंतचा. 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोब्बर तोळा. झिजका नको. 1854 मध्ये पाव तोळ्याला अर्धा आणा दर होता, म्हणजे अख्खं पत्र पावलीच्या वजनाचं! कागद पातळ का ते कळलं?

कोकम:
पण खेड्यात काटा निघायचा कधी? कार्ड, अंतर्देशीय जोखत नाहीत. मनिऑर्डरचं कमिशन रकमेवर. गिरणगावातून कोकणात यायची ती मनिऑर्डरच, आणि कुपनावरच्या दोन ओळी हेच पत्र. राहिलं पाकीट नि पार्सल.

चहाबाज:
अंतर्देशीयात राखी कोंबणारे विसरलात 😀

कोकम:
त्यावर छापलेलंच असायचं, आत काही ठेवू नका म्हणून. तिकीट कमी पडलं की पत्र बैरंग, कमी पडलेल्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून.

नाणेवेडा:
घरी अंदाज हवा तर: झेरॉक्सचा 80 जीएसएमचा ए-फोर कागद 5 ग्रॅम. चार कागदांतच पत्राच्या पहिल्या दराचे 20 ग्रॅम भरतात, वर पाकीट. म्हणून तीनच घाला. पावसाळ्यात कागद ओल धरतो, काठावरचं पाकीट हमखास वर जातं.

रानफूल:
कोपरा फाडलेलं, म्हणजे मरणाची बातमी असलेलं कार्ड आलं की आधी बाहेरच वाचायचे ना?

मोडीवाला:
हो, आणि कोपऱ्यांना हळदकुंकू दिसलं की कार्य.

चहाबाज:
तो डिंक मात्र तिकीट सोडून सगळ्याला चिकटायचा.

रानफूल:
पाणी घालून वाढवलेला असायचा. तिकिटाला थोडाच लावून मिनिटभर दाबा, लगेच टाकलं तर सुटतं. कुकर झाला, येते.