खिडकीचा उजेड नवशिक्यांसाठी? मला पटत नाही

तिरपी सावली: ‘फोटोत मूड आणायचा तर आधी दोन फ्लॅश आणि सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर बसवायची, उजेड मऊ करणारी कापडी पेटी) घ्या, खिडकीचा उजेड नवशिक्यांसाठी,’ असं स्ट्रोबवाला यांनी काल लिहिलंय. दोन वेळा वाचलं, तरी राग जाईना. मी उजेड शिकले आजीच्या स्वयंपाकघरात. पूर्वेला एकच खिडकी. आजी खिडकीकडे तोंड करून तांदूळ निवडत होती तेव्हा फोटो सपाट आला. पाट फिरवून तिला खिडकीशी काटकोनात बसवलं, तर अर्धा चेहरा काळोखात गेला आणि सुरकुती न् सुरकुती उठून आली. काळोख जरा जास्तच वाटला म्हणून पलीकडे दोरीवर पांढरा पंचा टाकला, सावली निवळली. चित्रकार हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगचित्र आठवा. एका दिव्याचा उजेड बोटांतून झिरपतोय, बस्स.

स्ट्रोबवाला: ताई, चित्रकार हवा तेवढा उजेड रंगवतो. तुमची खिडकी ढग आला की बदलते. माझ्या गिऱ्हाइकाला सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला एकसारखा फोटो लागतो. उघडा फ्लॅश 2 फुटांवरून 4 फुटांवर नेला की उजेड चौथाई. हा हिशेब हातात बसल्याशिवाय मूड नशिबावर असतो.

तिरपी सावली: हिशेब मलाही येतो. समईच्या उजेडात कॅमेरा आपणहून काळोखाचा राखाडी करतो, म्हणून मी एक्स्पोजर 2 स्टॉप खाली आणते, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड चौथाईच घेते. त्यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही.

मांडवातला: तुम्ही दोघं एकदा लग्नात उभे राहा. अंतरपाट दूर होतो, हार पडतात, संपलं. वर गुलाबी कापड, त्यावर फ्लॅश उडवला की नवरी गुलाबी. व्हिडिओवाल्याचा दिवा थेट तोंडावर. डोळे उघडे मिळाले तरी पुष्कळ.

सावळी: लग्नाचा विषय निघालाच आहे तर बोलते. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी नाहीच. चेहरा पिठासारखा, मेंदीचे हात मात्र माझे, सावळे. फोटोग्राफर म्हणाला, सगळ्या नवरी मुलींना असंच हवं असतं. मी मागितलं नव्हतं. सात वर्षं झाली, तो अल्बम मी कोणाला दाखवलेला नाही.

मांडवातला: आमचीही बाजू ऐका. मुलीची आईच सांगते, जरा उजळ करा. एकदा नाही केलं, तर माझे पैसे दोन महिने अडवले.

सावळी: म्हणजे दोष माझ्या आईचा? तिने तुम्हाला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

मांडवातला: तुमचं लग्न मी काढलेलं नाही. माझ्यावर का चिडता?

जुना रोलवाला: कारण धंद्यातले आपण सगळेच हे करत आलो, मीसुद्धा. सावळ्या चेहऱ्याला जादा उजेड लागतो हा आपला हट्ट. त्याला लागते चमक. मोठा दिवा बाजूला ठेवला की गालावर, नाकाच्या कडेवर त्याचं मऊ प्रतिबिंब पडतं आणि चेहऱ्याला घडण येते. समोरून मारलात तर कपाळावर पांढरा डाग, बाकी सगळं सपाट. आणि स्ट्रोबवाला, सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ चित्रपटासाठी (1956) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. छायालेखक सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणून दिवे खालून त्यावर मारले. तो उजेड अंगणात उतरणाऱ्या आभाळाचा वाटतो.

स्ट्रोबवाला: म्हणजे दिवेच होते! माझाच मुद्दा झाला.

तिरपी सावली: खरं अंगण डोळे भरून पाहिलं नसतं, तर ते कापड कशासाठी ताणलं असतं?

स्ट्रोबवाला: बरं. ‘नवशिक्यांसाठी’ हा शब्द मागे घेतो. आधी खिडकी बघा, मग दिवे घ्या. पण दिवे घ्याच.

सावळी: तुमचं मिटलं. माझ्या अल्बमचं काय?

मांडवातला: तो मला बदलता येणार नाही. रविवारी एक लग्न आहे. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून पोऱ्याच्या हातात देतो, बाजूने धरायला सांगतो. रंग उजळणार नाही, हेही आधीच कबूल करून घेतो. पैसे अडकले तर मात्र पुन्हा भांडायला येईन.

सावळी: या. आणि फोटो देण्याआधी चेहरा आणि हात शेजारी ठेवून बघा.