मदत हवी आहे: तांब्याच्या भांड्यांच्या दुकानाची वेबसाइट, आधी काय सुधारू?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार.

सासऱ्यांचं पुण्यात कसबा पेठेत तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांचं काम आहे. हाताने ठोकून, मठारून केलेली भांडी, म्हणजे घंगाळ, हंडे, ताम्हणं आणि हल्ली मागणी आहे म्हणून पाण्याचे जग. तीन वर्षांपूर्वी एकाकडून २२ हजारात वेबसाइट करून घेतली आणि नंतर घरातल्या कुणीच ती नीट उघडून बघितली नाही, ही चूक आमचीच. आता तोच म्हणतोय साइट उत्तम आहे, फक्त एसइओ (म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणायचं काम) पॅकेज घ्या, महिन्याला ६ हजार. आणि गिऱ्हाईक साइट बघून दुकानात फोन करतं की तुमच्याकडे घंगाळ मिळतं का! अहो पहिल्या फोटोत घंगाळच आहे.

म्हणून परवा एक उद्योग केला. सहकारनगरच्या आतेसासूबाई आल्या होत्या, त्यांना म्हटलं, आत्या, मुंजीत द्यायला ताम्हण घ्यायचंय असं समजा आणि तुमच्या फोनवर ही साइट बघा, मी मधे बोलणार नाही. (गप्प बसणं फार जड गेलं.) पहिलं पान उघडेपर्यंत त्यांचा चष्मा पुसून झाला. मग आपोआप सरकणारे ८ फोटो, खाली मुंगीएवढी अक्षरं, बोटांनी ओढून मोठी केली की अर्धी ओळ बाहेर. 'प्रॉडक्ट्स'मध्ये गेल्या तर 'आयटम ०१, आयटम ०२'. ना वजन, ना किंमत, ताम्हण तळहाताएवढं की ताटाएवढं तेही कळेना. शेवटी "अगं फोनच करते" म्हणून नंबरवर बोट दाबत बसल्या आणि तो काही लागेना, कारण नंबर चित्रात आहे.

मग मीच खोदायला बसले. फोटो मोबाइलमधून काढून तसेच चढवलेत, एकेक ४-५ एमबीचा. मराठी मजकूर डीटीपीवाल्याकडून टाइप करून त्याचं चित्र चिकटवलंय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चौकशीचा फॉर्म ज्या मेलवर जातो तो कुणी कधी उघडलाच नव्हता, त्यात ४३ चौकश्या पडून! एकांना १२ ताम्हणं हवी होती. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता प्रश्न. कार्ट आणि ऑनलाइन पेमेंट लागेलच का? प्रत्येक भांडं हाताचं, एकाच मापाच्या दोन घंगाळांत शे-दोनशे ग्रॅमचा फरक पडतो आणि तांब्याचा भाव रोज हलतो, त्यामुळे सासरे किंमत लिहायलाच तयार नाहीत, वर शेजारचे बघतील हेही आहेच. बजेट १५ हजारापर्यंत. आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद १
पॅकेज अजिबात घेऊ नका. चित्रातला मजकूर असा शोधात येत नाही, त्यामुळे कुणी 'तांब्याचं घंगाळ पुणे' शोधलं तर तुमच्या पानावर ते शब्दच नाहीत. आधी सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे चित्र न करता खऱ्या अक्षरांत, टाइप करा. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपीमध्ये (फोटोची फाइल लहान ठेवणारा प्रकार) सेव्ह करा, शंभर-दीडशे केबीत बसतात. साइटचा वेग तपासायला गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे असा त्यांचा निकष आहे. आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. त्या माणसाच्या नावावर असेल तर भांडण व्हायच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या, मग बाकीचं बोला.

प्रतिसाद २
कार्ट नको. 'वजन साधारण १.२ ते १.४ किलो, किंमत अमुकपासून पुढे, नक्की दर फोनवर' एवढं लिहा आणि खाली व्हॉट्सअॅपचं बटण. शेजारच्याला भाव बघायचाच असेल तर तो गिऱ्हाईक बनून फोन करेल की!
दुसरं, पंधरा दिवस गल्ल्यावर वही ठेवा आणि लोक जे जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. साइटवर तेच लिहायचं. 'परंपरा आणि गुणवत्तेचा संगम' असलं काही असेल तर काढा.

धागाकर्ती
आहे हो, तेच वाक्य आहे, तेही दोनदा.

डोमेन त्याच्याच नावावर निघालं. कुरकुर करत ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायला लागतो तो) देतो म्हणालाय. वही चार दिवसांतच भरत आलीये. इंडक्शनवर चालेल का (नाही, साध्या इंडक्शनवर तांबं तापत नाही), ताक ठेवलं तर चालेल का (कल्हई नसेल तर आंबट काहीच नको), कल्हई उडाली तर परत करून द्याल का (देतो). एका बाईंनी रिकामं पातेलं मोठ्या आचेवर विसरून कल्हईचे मणी करून आणले, त्यावर सासऱ्यांनी अर्धा तास समजावलं की कल्हईतलं कथील २३२ अंशालाच वितळतं, ते सगळं मी फोनवर रेकॉर्ड केलंय, तसंच्या तसं टाकणार. नकाशावरची खूण मागच्या गल्लीत पडत होती तीही हलवली, नाहीतर लोक कसबा गणपतीला प्रदक्षिणा घालून परत फोन करायचे.

'पासून पुढे' ला सासरे तयार झालेत. आता एकच अडलंय. भांड्याचा आकार कळावा म्हणून फोटोत शेजारी काय ठेवू? सासरे म्हणतात नारळ ठेव. पण नारळ तरी सगळे एका मापाचे कुठे असतात?