व्हिएतनाममधील जीवनमान खरोखर आपल्यापेक्षा चांगले आहे का?

घोडबंदरवासी

'ठाण्यात स्वतःचे घर असलेल्या माणसापेक्षा हो ची मिन्ह सिटीतला साधा कामगार अधिक सुखाने जगतो, त्यांची नवी मेट्रोच पाहा,' असे काल एका सदस्याने येथे लिहिले आणि अनेकांनी त्याला माना डोलावल्या. मला हे मान्य नाही. तिथे एकाच पक्षाची सत्ता आहे, स्वतंत्र वृत्तपत्र नाही, आणि पक्षाच्या छत्राखालील महासंघाबाहेर कामगारांची संघटना उभी राहू शकलेली नाही. आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात हे खरे. परंतु आम्ही मोर्चा काढतो, 2005 च्या कायद्याखाली माहिती मागतो, न्यायालयात जातो. ज्याला तक्रारच करता येत नाही, त्याचे सुख मोजणार कसे?

नेरुळची रहिवासी

आयुर्मान तक्रारीवाचूनही मोजता येते. संयुक्त राष्ट्रांच्या 2025 च्या मानव विकास अहवालात व्हिएतनाम 93 व्या आणि भारत 130 व्या स्थानी आहे. तिथला माणूस सरासरी अडीच वर्षे अधिक जगतो. 2012 च्या पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथल्या मुलांनी गणितात 511 गुण मिळवून श्रीमंत देशांची सरासरी ओलांडली. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही त्या शहरात राहिलो आहोत. शेजारच्या दोन्ही मुली उजाडण्यापूर्वी दुचाकीवरून कारखान्यात जात आणि त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नसे. आपल्याकडे रबाळे-महापे पट्ट्यात नोकरी मिळालेल्या माझ्या भाचीला 'रात्रपाळी असेल तर नको' म्हणून घरी बसवले गेले. काका, आपल्या मोर्चांत तिचा प्रश्न कधी आला होता का?

बेलापूरकर

मेट्रोचे उदाहरण मात्र चुकीचे दिले गेले आहे. त्या शहरातील पहिल्या मार्गाचे काम 2012 मध्ये सुरू झाले आणि गाडी धावली डिसेंबर 2024 मध्ये. आपली बेलापूर-पेंधर मेट्रो 2011 मध्ये सुरू होऊन नोव्हेंबर 2023 मध्ये खुली झाली. दोन्हीकडे बारा वर्षेच लागली. एकपक्षीय राजवटीत कामे झपाट्याने होतात, हा समज आता तरी सोडावा.

दिव्याचा प्रवासी

बारा वर्षांचा हिशेब मांडणाऱ्यांनी सकाळी दिवा स्थानकात उभे राहून दाखवावे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी लोकलमधून पडून मेले. मी त्याच मार्गाने रोज कामाला जातो आणि घरी पोहोचेपर्यंत पत्नीचा जीव टांगणीला लागलेला असतो. तिथला कामगार स्वतःच्या दुचाकीवरून जातो. त्याला दाराच्या दांड्याला लोंबकळावे लागत नाही. आपण स्वातंत्र्याच्या गोष्टी सांगता, पण आम्हाला डब्यात पाय ठेवायला जागा हवी आहे!

बेलापूरकर

आपला संताप योग्य आहे, पण निष्कर्ष नाही. दुचाकींवर उभ्या असलेल्या त्या देशात रस्ते अपघातांत दरवर्षी हजारो माणसे मरतात. लोकलची गर्दी हटवून तेवढी माणसे घोडबंदर रस्त्यावर दुचाकीने सोडली, तर मृत्यू कमी होतील असे आपल्याला वाटते का?

दिव्याचा प्रवासी

मग हेल्मेटचेही सांगा. त्यांनी 15 डिसेंबर 2007 पासून सर्व रस्त्यांवर ते सक्तीचे केले आणि जवळजवळ प्रत्येक चालकाच्या डोक्यावर ते दिसू लागले. आपल्याकडे सक्ती म्हटली की विरोधाचे मोर्चे निघतात. माझा धाकटा भाऊ हेल्मेट न घातल्यामुळे गेला. अशा मोर्च्याचे कौतुक मला सांगू नका.

घोडबंदरवासी

आपल्या भावाबद्दल वाचून फार वाईट वाटले. हेल्मेटच्या बाबतीत त्यांनी आपल्यापेक्षा चांगले केले, एवढे मी मान्य करतो; त्यापुढे नाही. ताईंच्या पिसाबद्दल मात्र बोलावेच लागेल. 2012 मध्ये तिथली पंधरा वर्षांची कितीतरी मुले शाळेबाहेर होती. चाचणी झाली ती शाळेत टिकलेल्यांची, म्हणजे गरिबातली गरीब मुले बव्हंशी हिशेबातच नव्हती. आणि हनोईच्या हिवाळ्यातील हवा आपल्या तुर्भ्याच्या हवेलाही मागे टाकते, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

नेरुळची रहिवासी

हनोईची हवा वाईट आहे आणि शाळेबाहेरच्या मुलांचा आक्षेपही रास्त आहे. परंतु 2009 च्या फेरीत आपली तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही राज्ये तळाशी आल्यानंतर आपण त्या चाचणीला पुन्हा बसलोच नाही. तक्रार करण्याच्या स्वातंत्र्याचा अभिमान बाळगणाऱ्या देशाने स्वतःच्या मुलांची मोजणी टाळावी, हे मला पटत नाही. आणि भाचीच्या प्रश्नाचे उत्तर आपण अजून दिलेले नाही. व्हिएतनाममध्ये पंधरा वर्षांवरील सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया कामात किंवा कामाच्या शोधात आहेत. आपल्या 2023-24 च्या सरकारी पाहणीत हे प्रमाण 41.7 टक्के आहे, आणि त्यात घरच्या शेतावर किंवा दुकानात विनामोबदला राबणाऱ्या स्त्रियाही धरल्या आहेत.